जागेचा रकाना

इंग्रजी मला येत होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला शंका नको. परभणीच्या मदरशात, म्हणजे तेव्हाच्या सरकारी शाळेत, उर्दूतून शिकत शिकत मी इंग्रजीत पहिला आलो होतो, आणि झरीच्या पलीकडच्या त्या गावात मला मुदर्रिस, म्हणजे मास्तर, म्हणून नेमलं तेव्हा पंचक्रोशीत इंग्रजी पुस्तक सरळ धरून वाचणारा मी एकटाच होतो. पाटलाच्या घरी हैदराबादेहून औषधाची बाटली आली की तिच्यावरची चिठ्ठी वाचायला मला बोलावणं यायचं. मी वाचायचो, आणि अर्थ लागला नाही तरी सांगायचो. कुणी मेलं नाही, एवढं खरं.

शाळा चावडीला लागून, दोन खणांची. शिक्षक दोनच. एक सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, आणि दुसरा मी. हेडमास्तर पन्नाशीचे, पान खाणारे, मऊ बोलणारे, सरकारी कागद दोन्ही हातांनी धरणारे. मी बावीस वर्षांचा आणि डोकं कायम तापलेल्या तव्यासारखं. आमचं तसं बरं चाललं होतं. ते तिसरीपर्यंतची पोरं सांभाळायचे, हजेरीचं रजिस्टर त्यांच्या पेटीत कुलपात असायचं, आणि चौथी माझी.

त्या वर्षी वरून हुकूम आला, चौथीला इंग्रजी सुरू करा, आणि तीन महिन्यांच्या पाठांचा तक्ता करून मोहतमीम साहेबांकडं पाठवा. मोहतमीम म्हणजे जिल्ह्याच्या शाळांवरचे अंमलदार. महिने सरकारी फसली सालाचे, दै, बहमन आणि इस्फंदार. आपल्या हिशेबानं कार्तिकापासून पौषापर्यंत. हेडमास्तरांनी हुकूम वाचला आणि कपाळाला हात लावला. मी म्हणालो, "द्या इकडं. ह्याला काय लागतंय?"

चार दुपारी बसून मी तक्ता आखला. हुकुमासोबत जे पुस्तक आलं होतं त्याचा पहिला पाठ जहाजाचा होता. दुसरा, धुराडं असलेल्या घराचा. तिसऱ्यात एक बाई छत्री घेऊन कुत्र्याला फिरवत होती. आमच्या पोरांनी गोदावरीसुद्धा पाहिली नव्हती, तिथं जहाज कुठून आणू? आणि कुत्र्याला फिरवणारी बाई दाखवली असती तर पोरं महिनाभर हसत बसली असती. मी पुस्तक बाजूला सारलं. पहिल्या आठवड्यात ये, जा, बस, ऊठ, पळ. दुसऱ्यात विहीर, दोर, बैल, चारा. तिसऱ्यात शंभरापर्यंत आकडे. असं करत करत शेवटच्या आठवड्यात पोरानं स्वतःच्या घराबद्दल पाच वाक्यं बोलायची. तक्ता इतका झकास जमला की मी तो भिंतीला लावून लांबून बघितला. आजही सांगतो, त्याच्यात काडीची खोट नव्हती.

खोट वर्गात होती. मी चौथीला विचारलं, "कार्तिकापासून कोण कोण येणार?" सात जणांच्या वर्गात दोन हात वर झाले, एक पटवाऱ्याच्या पोराचा आणि एक वाण्याच्या पोराचा. बाकीच्यांतल्या चौघांना कापूस वेचायला जायचं होतं. ती चार पोरं निदान बाजाराच्या दिवशी, वेचणी बंद असली की, येतो म्हणाली. राहिली एक. ती धनगराची पोरगी. अकरा वर्षांची, चौथीतली एकुलती मुलगी, आणि खरं सांगायचं तर सातांमध्ये डोकं असलेली एवढीच. ती म्हणाली, "मी न्हाई येनार गुर्जी. दिवाळी झाली की आमची मेंढरं वावरात बसत्यात. मग गाव न्हाई."

मला इतका राग आला की मी तसाच चपला घालून तिच्या बापाकडं गेलो. वाटेत भाषण तयार केलं. तो माणूस मेंढरांच्या खुरातले काटे काढत बसला होता. मी सुरू केलं, शिक्षण, सरकार, पोरीचं डोकं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बसा गुर्जी. तुमी लय जोरात बोलायलाव, मेंढरं बुजायल्यात."

मग तो जे बोलला ते मी जन्मात विसरलो नाही. त्याच्या बहिणीच्या घरून पोरीला मागणी होती. यंदाच माघात लगीन लावून टाका म्हणून पाव्हणे मागं लागले होते. त्याच्या मनात नव्हतं. त्याची थोरली अशीच अकराव्या वर्षी दिली होती आणि पहिल्या बाळंतपणात गेली होती. पण बहिणीला नाही कसं म्हणायचं? म्हणून त्यानं एक युक्ती काढली होती. "म्या सांगितलंय, पोरीचं नाव सरकारी रजिस्टरात हाय. चौथी झाल्याबिगर सरकार सोडीत न्हाई. पाव्हणा सरकारला भितो. तवा नाव हाय तवर माजी पोर हाय. नाव कटलं की ती त्यांची झाली."

अशी सरकारी अट कुठंच नव्हती. मी ते त्याला सांगितलं नाही. मी म्हणालो, "नाव कटत नसतं मामा. मी बसलोय हितं."

तिथंच मला सुचलं. मी विचारलं, मेंढरं कुठल्या वावरात कधी बसणार? त्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. काळ्या रानात मेंढरांची लेंडी पडली की पुढचं पीक जोमदार येतं, म्हणून कुणबी दसऱ्यालाच धनगराशी बोलून ठेवतात, अमक्या वावरात इतके दिवस, मोबदल्यात इतकी ज्वारी. सगळं ठरलेलं. आधी विहिरीवरचं वावर, मग बाभळीचं, मग ओढ्याकाठचं, मग पाटलाची लांब पट्टी. माझ्या तक्त्याइतकाच पक्का त्याचा तक्ता होता, फक्त कागदावर नव्हता. आणि कापूस वेचणारी पोरंही त्याच शिवारात असणार होती. मी घरी आलो, कोरा कागद घेतला आणि मेंढरांच्या तक्त्यावर माझं इंग्रजी बसवलं. आठवड्यातून एक, कधी दोन वेळा, दिवस उगवायला, शाळा भरायच्या आधी, वावरात पाठ. असे सोळा पाठ. बाकीचे शाळेत.

तक्त्यात एक रकाना जागेचा होता. मी खरं तेच लिहिलं. विहिरीवरचं वावर. बाभळीचं वावर. ओढ्याकाठ. 

हेडमास्तरांनी तो वाचला आणि त्यांच्या तोंडातलं पान चघळायचं थांबलं. "मियाँ, ये क्या लिखा? वावर?"

"जिथं शिकवणार ते लिहिलंय."

"अरे बाबा, सगळीकडं 'मदरसा' लिही. पढाओ कुठंही, कोण बघतंय? पण कागदावर मदरसा."

"मी खोटं लिहीत नसतो."

त्यांनी मला समजावलं. दिवस कसे आहेत, चार माणसं झाडाखाली बसली तरी जलसा, म्हणजे सभा, म्हणतात, जलशाला परवानगी लागते, आणि तू लिहून देतोयस की रानात पोरं जमवणार. त्यांचं बोलणं अगदी बरोबर होतं. पण मी बावीस वर्षांचा. मी म्हणालो, "तुमची हाडं भिण्यातच म्हातारी झाली. माझी व्हायची न्हाईत." आणि तक्ता तसाच टपालात टाकला.

त्या दिवसापासून आमचा अबोला. दोन खणांच्या शाळेत दोन शिक्षकांचा अबोला म्हणजे काय ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. खडू पाहिजे असला तर ते भिंतीला सांगायचे, "खडू कहाँ है, किसी को मालूम?" मीही भिंतीलाच उत्तर द्यायचो. असे जवळजवळ तीन महिने आम्ही भिंतीशी बोलत होतो.

मात्र माझे पाठ! काय सांगू. थंडीत अंगावर घोंगडं घेऊन मी अंधुक उजेडात निघायचो, आणि पोहोचेस्तोवर वेचणारी चार पोरं धसकटांच्या शेकोटीभोवती बसलेली असायची. 'रन' शिकवायला जागा कमी पडत नव्हती. 'वेल' म्हटलं की समोर विहीर, 'रोप' म्हटलं की हातात दोर. धनगराच्या पोरीला एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. एकदाच ती माझ्याशी भांडली, आकड्यांवरून. मी वीसच्या पुढं निघालो तर म्हणाली, "ईसाच्या फुडं कशाला गुर्जी? ईस मेंढरं गेली की एक खडा टाकायचा आन् पुन्हा एकापासून." मी शंभराचं महत्त्व सांगितलं. ती म्हणाली, "ते पटवाऱ्याला लागतंय. आमाला न्हाई." मी चिडून घरी आलो, दुपारभर धुमसलो, आणि आपल्याजवळच्या तक्त्यात शंभर खोडून वीस केलं. पोरगी बरोबर होती, त्याला मी काय करू?

बहमनच्या शेवटी एके दिवशी हेडमास्तर रजिस्टर घेऊन आले आणि माझ्या टेबलावर उघडं ठेवून भिंतीला म्हणाले, "किसी किसी के बच्चों का नाम जा रहा है, और उनको खबर नहीं." मला तो टोमणा वाटला. नाव काढण्याची धमकी देऊन मला नमवतायत, असं वाटलं. मी रजिस्टरकडं बघितलंसुद्धा नाही. फाडकन मिटलं आणि त्यांच्याकडं सरकवलं. त्यांनी ते उचललं आणि पेटीत ठेवून कुलूप लावलं.

इस्फंदारमध्ये मोहतमीम साहेब आले. न सांगता आले, आणि शाळेत नाही आले. तेरावा पाठ पाटलाच्या लांब पट्टीत होता. दिवस उगवायला घोड्यावरून एक उंच, काळी शेरवानी घातलेला माणूस बांधावर उतरला. हातात माझा तक्ता. त्याच्यावरची तारीख आणि जागा बघून तो नेमका तिथं आला होता. पोरं उठून उभी राहिली. मी घाबरलो, नाही म्हणत नाही. पण क्षणभरच.

"कितने आदमी जमा होते हैं यहाँ?" त्यांनी विचारलं.

"आदमी पाच पोरं, साहेब. बाकी मेंढरं."

ते हसले नाहीत. म्हणाले, शिकवा. मी शिकवलं. पोरं पळाली, बसली, उठली, विहीर दाखवली, आभाळ दाखवलं. मग साहेबांनी पोरीला विचारलं, किती मेंढरं? धनगर नुकताच वाघूर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, एका बाजूनं उघडत होता. पोरगी तिथं जाऊन उभी राहिली आणि एकेक मेंढरू बाहेर पडेल तशी मोजू लागली. वन, टू, थ्री. ट्वेंटी झाले की खडा. साहेब थंडीत उभे राहून शेवटपर्यंत बघत होते. ती परत आली आणि म्हणाली, "सेव्हन ट्वेंटी अँड इलेव्हन."

"ये कौन सी अंग्रेजी है?"

"धनगराची, साहेब," मी म्हणालो. "हिशेब करून बघा."

त्यांनी मनात हिशेब केला. एकशे एक्कावन्न. धनगरानं लांबूनच मान हलवली, बरोबर. तेव्हा साहेब हसले. मला म्हणाले, ह्या पोरीचं चौथीचं इम्तिहान मी स्वतः घेणार. अहाहा! मी शाळेपर्यंत घोड्याच्या पुढं चालत आलो. धनगरालाही म्हणालो, चला मामा, साहेबांच्या तोंडून ऐका. पोरगी मेंढरांपाशी थांबली, बाप माझ्या मागं निघाला.

शाळेत साहेबांनी रजिस्टर मागितलं. हेडमास्तरांनी पेटी उघडली. त्यांनी रजिस्टर दोन्ही हातांनी धरून पुढं केलं आणि मी मनात म्हणालो, भी बाबा, आता भी. साहेबांनी चौथीचं पान काढलं, बोट खाली नेलं, आणि थांबले.

पोरीच्या नावावर लाल रेघ होती.

लागोपाठ इतके दिवस शाळेत गैरहाजर की नाव काढायचं, असा कायदा. वेचणारी पोरं बाजारच्या दिवशी येऊन हजेरी लावत होती, म्हणून ती वाचली. पोरगी दिवाळीनंतर त्या दोन खणांत एकदाही आली नव्हती. हजेरी शाळेतल्या पोराची लागते, वावरातल्या नाही. तीन आठवडे मी अशा पोरीला शिकवत होतो जी सरकारच्या लेखी शाळेतच नव्हती. आणि हेडमास्तरांनी रेघ मारायच्या आधी रजिस्टर माझ्या नाकासमोर आणून ठेवलं होतं. मी मिटलं होतं. ह्या हातांनी.

"नाम तो खारीज है," साहेब म्हणाले.

धनगर दारात उभा होता. त्याला उर्दू येत नव्हतं. पण खारीज हा शब्द कचेरीची पायरी चढलेल्या प्रत्येकाला येत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याला शब्द दिला होता, मी बसलोय हितं म्हणून. मी बसलो होतो खरा. मी त्याच्याकडं बघू शकलो नाही. लाज काय असते ते मला त्या दिवशी कळलं.

मी सगळं सांगून टाकलं. पाव्हणे, माघ महिना, थोरली मुलगी. अबोलासुद्धा सांगितला. चूक माझी आहे, म्हणालो. तीन महिन्यांत पहिल्यांदा हेडमास्तरांकडं तोंड करून म्हणालो.

साहेबांनी तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, पोरगी शिकली हे मी डोळ्यांनी बघितलं. तक्त्यात तारखा आहेत. त्या तारखांना पाठ मदरशात झाला असेल, तर ती हजर होती, लागोपाठ गैरहाजेरी झाली नाही आणि रेघ चुकून पडली. पण तक्त्यात तर वावर लिहिलंय. त्यांनी तक्ता माझ्याकडं सरकवला. "अक्षर तुमचं आहे. दुरुस्तीही तुमच्याच अक्षरात पाहिजे."

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "साहेब, हे खोटं होतंय."

"फिर मत लिखो," ते शांतपणे म्हणाले. "तुम्हारा सच सलामत, और लडकी का नाम खारीज."

मग हेडमास्तर उठले. मला वाटलं, आता ते बोलणार, मी काय सांगितलं होतं मियाँ. त्यांचा हक्कच होता. त्यांनी दौत उचलली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "आहिस्ता लिखो बेटा. कागद पातळ आहे, फाटंल."

मी लिहिलं. विहिरीवरचं वावर खोडलं, मदरसा. बाभळीचं वावर खोडलं, मदरसा. पहिल्या दोन वेळी हात जड झाला. तिसऱ्यापासून झाला नाही. अजून न झालेले तीन पाठसुद्धा मी खोडून घेतले. सोळा वेळा लिहिलं. आजवर कुणी विचारलं नाही, विचारलं असतं तर सांगितलं असतं, सतरावी ओळ असती तर तीही भरली असती.

हेडमास्तरांनी लाल रेघेशेजारी दुरुस्तीचा शेरा लिहिला आणि खाली पोरीचं नाव पुन्हा काढलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. साहेबांनी सही केली. धनगर आत आला, पागोटं काखेत धरून. मला म्हणाला, "गुर्जी, कुठं हाय?"

मी त्याचं बोट धरून नावावर ठेवलं. "हितं."

"हे सगळं तिचं?"

"हे तिचं. हे तुमचं."

तो वाकून बघत राहिला. त्याला एक अक्षर येत नव्हतं.

"मामा, शाई ओली हाय," मी म्हणालो. "बोट काढा, पुसंल."

तेव्हा कुठं त्यानं बोट उचललं.